पंडिता रमाबाई : देवावर भरवसा, हातात कुदळ



अमेरिकेत आल्यावर आपण सगळे मुदती मोजत असतो. व्हिसाची मुदत, प्रोजेक्टची मुदत, घराच्या कर्जाची मुदत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर प्रत्येक गोष्टीचा बॅकअप लागतो. म्हणूनच बॅकअप नसताना या देशात आलेल्या एका मराठी बाईंची गोष्ट आज सांगावीशी वाटली.

१८८६च्या मार्च महिन्यात पंडिता रमाबाई इंग्लंडहून बोटीने फिलाडेल्फियाला आल्या. बरोबर पाच वर्षांचीही न झालेली मनोरमा. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. आपली पहिली मराठी डॉक्टर ११ मार्चला पदवी घेत होती आणि तो सोहळा पाहायला रमाबाई हजर होत्या. आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. (ही सवय आपल्याकडे जुनीच म्हणायची!)

वय २७, पण तोवर किती सोसून झाले होते! जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा करीत फिरणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले आणि आई-वडील उपासमारीने गेले. रमाबाई भावाबरोबर पायी भटकत कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

अमेरिकेत त्यांनी बालविधवांसाठी शाळा काढण्याचा ध्यास घेतला. गावोगाव व्याख्याने दिली, किंडरगार्टनची शिक्षणपद्धती शिकून घेतली. १८८७ मध्ये हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले आणि हातोहात खपले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे मदत करू, असे तिथल्या लोकांनी कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये एक बालविधवा होती गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे झाल्या.

सदनात धर्माची शिकवण द्यायची नाही, असे ठरले होते. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती समजण्यासारखी होती. पण देवापाशी बसण्याचे दार बंद करणे रमाबाईंनाही शक्य नव्हते.

कारण या काळात त्यांच्या मनात मोठा बदल झाला होता. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त आपल्याला भेटला तो बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांनी वाचले. माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर त्यांनी अनाथाश्रम चालवले होते. असा भरवसा भारतात ठेवता येईल का, हा प्रश्न रमाबाईंना पडला.

परीक्षा लगेच आली. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. अमेरिकेची दहा वर्षांची मुदत संपत आलेली, हाती पुरेसा पैसा नाही. पण उपासमार म्हणजे काय, हे त्यांना आई-वडिलांच्या मरणातून ठाऊक होते. देव पुरवील या विश्वासावर त्या निघाल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावला त्यांनी आधीच जमीन घेतली होती. अमेरिकेची मदत थांबली तर उत्पन्न असावे म्हणून तिथे फळझाडे लावली होती. त्याच माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९००च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार माणसे राहत होती.

आम्हाला भावते ते हेच. त्यांचा भरवसा हातावर हात ठेवून बसणाऱ्याचा नव्हता. त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. १८९८ मध्ये पुन्हा अमेरिकेला येऊन त्यांनी असोसिएशनला कामाचा हिशेब दिला. एवढे करूनही उद्याचे धान्य आपल्या हातात नाही, हे त्या मनापासून मानत. त्यामुळेच आणखी एका मुलीला आत घेताना त्या कचरल्या नाहीत.

अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. ते मुक्तिसदनातल्या बायकांनीच छापले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती काम सोपवायचे, तीच आधी गेली. तरी रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावला देह ठेवला.

मंडळी, आपला देव कोणता का असेना, पुढच्या भारतवारीत पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला जरूर उतरा. मुक्ती मिशनचे काम तिथे आजही चालू आहे. दहा वर्षांच्या हमीवर सुरू झालेल्या कामाला आता शंभराहून अधिक वर्षे झाली!