घराघरात लक्ष्मी पोचवणारे राजा रविवर्मा, पण छापखान्यानं कर्जात घातलं

राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. तैलचित्रांसाठी राजेरजवाडे त्यांना बोलावून घ्यायचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पुराणातल्या प्रसंगांची १४ चित्रं त्यांच्याकडून काढून घेतली. पण राजवाड्यातलं चित्र गरिबाला कुठून दिसणार? तेव्हा देवळातसुद्धा सगळ्यांना आत घेत नव्हते.

मग धाकटे भाऊ राजा राजा वर्मा यांना सोबत घेऊन त्यांनी १८९४ साली मुंबईत घाटकोपरला शिळाछापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, जाणकार कारागीरही तिकडचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कागदावर एकावर एक छाप. लक्ष्मी, सरस्वती साध्या घरांच्या भिंतीवर आल्या. आज आपल्या देवघरात कमळावर उभी लक्ष्मी आहे ना, तिचं रूप बरंचसं तिथूनच आलंय.

पैसा मात्र हाती लागला नाही. प्लेग आला, धंदा बसला, कर्ज चढलं. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तरी जमेना. शेवटी श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. त्यानं तो चालवून दाखवला, कॅलेंडरं आणि जाहिरातीही छापल्या. रविवर्मा १९०६ साली गेले.

१९७२ साली छापखाना आगीत जळाला. १९७९ मध्ये सरकारनं त्यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा ठरवली, ती विकायला परदेशी नेता येत नाहीत. देशातच लिलावात एकेका तैलचित्राला कोटींची बोली लागते. जुने छापही शौकीन शोधत फिरतात, आणि घर पाडताना कुणी कुणी ते रद्दीत घालतात.