सूरश्री केसरबाई केरकर

गोमंतकात फोंड्याजवळ केरी म्हणून एक गाव आहे. तेथे १३ जुलै १८९२ रोजी जन्मलेल्या मुलीचा स्वर आज सर्व ग्रहांच्या कक्षांपलीकडे प्रवास करीत आहे, असे सांगितल्यास आमच्या बालवाचकांस ती परीकथाच वाटेल. परंतु ही हकीकत खरी आहे. आणि त्या प्रवासापूर्वीची तपश्चर्याही काही कमी नवलाची नाही.

केसरबाईंच्या बालपणी गाणाऱ्या स्त्रीस मैफलीत वाहवा मिळे, समाजात मान मात्र मिळत नसे. आठव्या वर्षी त्या कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ यांजकडे शिकू लागल्या. ते शिक्षण आठ महिन्यांतच संपले. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. पुढे मुंबईस बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले असे थोर गुरू लाभले, पण दर वेळी काही ना काही कारणाने शिक्षण मध्येच खुंटे. दुसरी एखादी असती तर कंटाळून गेली असती. तिशीच्या उंबरठ्यावर, १९२१ साली, त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व मिळविले. खाँसाहेब सहजासहजी राजी झाले नव्हते. त्यांची गायकी पेचदार. अप्रसिद्ध व जोडराग त्यात पुष्कळ. ती आत्मसात करण्यास केसरबाईंनी अकरा वर्षे अखंड मेहनत केली. १९३० पासून त्यांच्या जाहीर मैफली गाजू लागल्या, तरी १९४६ साली खाँसाहेब निवर्तले तोपर्यंत त्या शिकतच होत्या. नावलौकिक झाल्यावरही गुरूपुढे विद्यार्थी म्हणून बसणे किती जणांस साधते?

स्वभाव करारी होता. आपले गाणे कोणी, कोठे व कसे ऐकावे याविषयी त्यांची मते ठाम असत. ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या आणि विद्या दिली ती एका धोंडूताई कुलकर्णींस. या कृपणतेबद्दल त्यांस दोष देणारे पुष्कळ होते, आणि तो दोष अगदीच अनाठायी नव्हता, असे आम्हांस वाटते. मात्र ज्या विद्येसाठी निम्मे आयुष्य दारोदार हिंडावे लागले, ती जपून ठेवावीशी वाटणे स्वाभाविकच होते. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक व १९६९ साली पद्मभूषण हे मान त्यांस मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी आपण होऊन मैफली थांबविल्या.

इकडे १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने गुरू व शनी या ग्रहांकडे धाडण्याचे योजिले. कार्य संपल्यावर ती परत येणार नव्हती, अंतराळात पुढे पुढेच जाणार होती. म्हणून कदाचित वाटेत कोणी भेटेल या आशेने प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसविली. तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत (आपली मराठीही त्यांत आहे), ११५ चित्रे आहेत व सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत आहे. अंतराळात हवा नसल्यामुळे ध्वनी उमटत नाही. तेव्हा ऐकणाराने तबकडी स्वतःच वाजवावयाची, यासाठी सोबत सुई दिली असून कृती वेष्टणावर आकृत्यांनी कोरली आहे. निवड कार्ल सेगन यांच्या मंडळाने केली. भारतीय संगीतासाठी रॉबर्ट ब्राऊन या संगीतज्ञाने केसरबाईंची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही ध्वनिमुद्रिका सुचविली. एरवी मैफल भैरवीने संपते. आणि जी बाई एकेक राग तासभर रंगवीत असे, तिचे अवघे साडेतीन मिनिटांचे गाणे बाख व बीथोव्हेन यांच्या सोबतीने रवाना झाले.

व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वी सोडली. अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई मुंबईत निधन पावल्या. ऑगस्ट २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशात शिरले. चकलांब्याच्या माळावरून अमावास्येच्या रात्री जे असंख्य तारे दिसतात, त्यांपैकी एकाच्याही जवळपास ते अद्याप पोहोचलेले नाही. सुमारे चाळीस हजार वर्षांनी ते एका मंद ताऱ्याच्या बाजूने जाईल, तेही दीड प्रकाशवर्षाहून अधिक अंतर राखून. केरी गावी केसरबाईंच्या नावाचे हायस्कूल चालू आहे.