रणगाड्यांच्या गर्दीतली रोल्स रॉईस

रोल्स रॉईस म्हटलं की आपल्याला राजे-महाराजे नाहीतर सिनेनट आठवतात. पण आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक रोल्स रॉईस उभी आहे, आणि तिच्या अंगावर चक्क पोलादी चिलखत आहे! गेल्या वर्षी घरून फीचे पैसे वेळेवर आले नव्हते, दोन विषय राहिले होते, आणि बॅग भरून गावी जावं असं मनात चाललं होतं. अशा एका रविवारी रूममेटने मला ओढतच तिथं नेलं. ती गाडी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तिचा कर्ता कोण, ते शोधत लायब्ररीत बसलो.

फ्रेडरिक हेन्री रॉईस. जन्म २७ मार्च १८६३, इंग्लंडमधल्या ऑलवॉल्टन गावचा. वडिलांचा पिठाच्या गिरणीचा धंदा बुडाला आणि हेन्री नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. या पोराने लंडनमध्ये पेपर विकले, घरोघरी तारा पोहोचवल्या. शाळा कशीबशी वर्षभर. नात्यातल्या एका बाईंनी पैसे भरले म्हणून १८७८ मध्ये तो रेल्वेच्या वर्कशॉपात अप्रेंटिस लागला. तीनेक वर्षांत तेही पैसे आटले आणि शिक्षण अर्धवट राहिलं.

इथं मी वाचता वाचता थांबलो. आपल्यासारखंच की हे!

पण गडी थांबला नाही. कारखान्यात नोकरी केली, रात्रीच्या वर्गात वीजशास्त्र शिकला. १८८४ मध्ये मँचेस्टरला स्वतःचे २० पौंड आणि भागीदाराचे ५० पौंड घालून छोटा कारखाना काढला. आधी विजेच्या घंटा, मग डायनॅमो, मग क्रेन.

पुढे त्याने एक सेकंडहँड फ्रेंच गाडी घेतली. ती त्याच्या मनास येईना. आपण असतो तर शिव्या देऊन मोकळे झालो असतो. त्याने एकेक पार्ट तपासला आणि स्वतःचीच दोन सिलिंडरची, दहा हॉर्सपॉवरची गाडी बनवली. १ एप्रिल १९०४ रोजी ती रस्त्यावर आली. महिनाभरात, ४ मे रोजी, त्याची चार्ल्स रोल्सशी गाठ पडली. रोल्स लॉर्डचा मुलगा, केंब्रिजचा पदवीधर आणि गाड्या विकणारा. रॉईस बिनडिग्रीचा कारागीर. दोघांची १९०६ मध्ये कंपनी झाली. १९०७ मध्ये त्यांची सिल्व्हर घोस्ट सुमारे २४ हजार किलोमीटर पळवली, मग उघडून पार्टची झीज मोजली. याला म्हणतात टेस्टिंग!

याची किंमतही त्याने मोजली. कामापुढे जेवणाची शुद्ध नसे. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेला आणि १९१२ मध्ये रॉईसवर मोठं ऑपरेशन झालं. नंतर तो समुद्राकाठी राहून डर्बीच्या कारखान्याचं डिझाइन सांभाळू लागला. १९१४ च्या महायुद्धात सिल्व्हर घोस्टच्या चॅसीवर चिलखत चढलं आणि या गाड्या अरबस्तानच्या वाळवंटातही धावल्या. आपल्या नगरची गाडी त्याच घराण्यातली. १९१९ मध्ये अटलांटिक न थांबता ओलांडणाऱ्या पहिल्या विमानाला त्याचीच ईगल इंजिनं होती. १९३० मध्ये तो सर झाला, तरी स्वतःला मेकॅनिकच म्हणवत राहिला. २२ एप्रिल १९३३ रोजी तो गेला. पुढे स्पिटफायर विमानांत बसलेलं मर्लिन इंजिन त्याच्या डोळ्यांदेखत आकार घेत होतं, पण ते सुरू झालेलं त्याला पाहता आलं नाही.

मित्रांनो, रॉईसने मोटार शोधली नाही. असलेली वस्तू त्याने कंटाळा न करता नीट केली. आणि आपण? फायलिंगचा जॉब सिनियरकडून उसना आणतो, सबमिशन छापून काढतो. मी बॅग भरली नाही. एक विषय निघाला, एक अजून आहे. पण या सेमिस्टरला जॉब मात्र स्वतः घासला. सरांनी गुण्या लावून पाहिला, थोडा उजेड दिसला. पुन्हा घासायला घेतलाय.