आयांना विचारणाऱ्या डॉक्टर

जमैकात १८९३ मध्ये जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स १९२९ मध्ये गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, गेल्या. तिथे एक-दोन वर्षांची मुले पाय सुजून, कातडी सोलवटून दगावत. इतर डॉक्टरांना तो पेलाग्रा वाटे. सिसिलीबाईंनी आयांनाच आजाराचे नाव विचारले. ते होते क्वाशिओरकोर: धाकटे भावंड आले की अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाचा आजार. मग त्याच्या वाट्याला बहुतेक मक्याची पेजच! १९३५ मध्ये हे नाव ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. सुजेमुळे असे मूल गुटगुटीत दिसते, वजनकाटाही फसतो. म्हणून आजही डॉक्टर वजनाबरोबर दोन्ही पावले अंगठ्याने दाबून खळगा राहतो का, ते पाहतात.