कॉल लागत नाही तेव्हा आठवावा असा माणूस: आग्नर एरलांग

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आमच्या त्र्यंबकला पाय ठेवायला जागा नसते. ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी रविवारी रात्रीपासूनच माणसं येऊ लागतात, आणि फेरीआधी बहुतेकांचे पाय कुशावर्ताकडे वळतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी तिथे माझी आणि आजीची चुकामूक झाली. चपला ठेवून येतो म्हणून मी दोन मिनिटं बाजूला गेलो, आणि परतेपर्यंत गर्दी पुढे सरकलेली. आजीजवळ साधा कीपॅडचा फोन होता. माझ्या फोनला फुल रेंज, तरी कॉल काही लागेना. पाऊण तासात मी तीसेक वेळा रीडायल केलं असेल. आजीला दम्याचा त्रास, त्यामुळे डोक्यात नको नको ते येत होतं.

आजी सापडली, ते शेवटी सांगतो. पण रेंज फुल असताना कॉल का लागत नाही, हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याचं उत्तर ज्यांनी दिलं ते आग्नर क्रारुप एरलांग १९२९ मध्येच वारले. इंजिनिअरिंगला असताना त्यांचं सूत्र मी परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. त्यांचं नाव मात्र तुमच्या फोनशी रोज जोडलेलं असतं. व्हॉट्सअॅपचे सर्व्हर ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात, तिचं नाव एरलांग आहे. मोबाइल नेटवर्कवर किती गर्दी आहे, हे ज्या एककात मोजतात, त्याचंही नाव एरलांगच.

मास्तरांचा मुलगा

एरलांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कच्या लनबोर्ग नावाच्या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चची कारकुनीही बघायचे. घरात मोठा भाऊ, दोन धाकट्या बहिणी. संध्याकाळी मोठा भाऊ टेबलावर पुस्तक उघडून वाचायला बसला, की लहानगा आग्नर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचा. एक पुस्तक आणि दोन वाचक, म्हणून त्याने स्वतःपुरती काढलेली ही युक्ती! पुढे आयुष्यभर त्यांनी जे काम केलं, त्याचाही विषय हाच होता: वस्तू थोडी आणि मागणारे जास्त.

चौदाव्या वर्षी त्यांनी कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा दिली. वय कमी, म्हणून खास परवानगी काढावी लागली. मग दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवलं. १८९६ मध्ये प्रवेश परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले, शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०१ मध्ये गणितात एमए झाले. सोबत खगोल, भौतिक आणि रसायन हे विषय होते. नंतरची सातेक वर्षं पुन्हा शाळामास्तरकी. गणिताचा नाद मात्र सुटला नाही. गणितज्ञांच्या संघटनेच्या बैठकांना ते नेमाने जायचे.

त्या बैठकांतच त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. येन्सन कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते आणि गणित हा त्यांचा छंद होता. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना येन्सनची असमानता माहीत असेल, ते हेच येन्सन. त्यांनी एरलांग यांची गाठ कंपनीचे प्रमुख फ्रिट्झ योहानसेन यांच्याशी घालून दिली. टेलिफोनच्या गर्दीला संभाव्यतेचं गणित लावता येईल का, हे योहानसेन स्वतःही तपासत होते. १९०८ मध्ये, तिशीत, एरलांग कंपनीत रुजू झाले.

टेलिफोन कंपनीला गणिताचा मास्तर कशाला?

त्या काळी फोन केला की कॉल एक्सचेंजमध्ये जायचा. तिथली ऑपरेटर वायरची पिन योग्य भोकात घालून दोन माणसं जोडायची. लाइन मोजक्याच. त्या सगळ्या भरल्या असतील तर पुढच्याला नकार. जास्त लाइन टाकायच्या तर तांब्याला आणि माणसांना पैसे लागणार, आणि कमी टाकल्या तर गिऱ्हाईक वैतागणार. मग नेमक्या किती टाकायच्या? उत्तर अनुभवावर आणि अंदाजावर चालायचं.

एरलांग प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, पण सुरुवातीला हाताखाली माणसंच नव्हती. जमिनीखालच्या केबलमध्ये भरकटणारा विद्युतप्रवाह मोजायचं कामही त्यांनाच करावं लागे. शिडी घेतलेला एक कामगार सोबत घेऊन हे गणितज्ञ कोपनहेगनच्या रस्त्यांवर हिंडायचे आणि मॅनहोलमध्ये उतरायचे. म्हणजे त्यांचं गणित केवळ खोलीत बसून झालेलं नाही.

१९०९ मध्ये त्यांनी पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. कोण कधी फोन करेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण हजारो माणसं आपापल्या कारणाने, एकमेकांना न विचारता फोन करत असतील, तर एका तासात किती कॉल येतील याला एक ठरावीक घडण असते. संख्याशास्त्रात तिला पॉइसन वितरण म्हणतात. एकेका माणसाचा भरवसा देता येत नाही, गर्दीचा हिशेब मात्र करता येतो.

१० लाइनचं काम १० लाइनमध्ये होत नाही

१९१७ मध्ये त्यांचा सगळ्यात गाजलेला लेख आला. त्याचं सार एका उदाहरणात बघू.

समजा एका ठिकाणी तासाला सरासरी २०० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटं चालतो. एकूण बोलणं ६०० मिनिटं, म्हणजे १० तास. एक लाइन तासभर सतत वापरात असेल तर तो १ एरलांग भार. आपला भार झाला १० एरलांग. मग १० लाइन पुरायला हव्यात, बरोबर?

चूक. कॉल ओळीने, एक संपला की दुसरा, असे येत नाहीत. कधी तीन लाइन रिकाम्या, तर कधी एकदम पंधरा जण. एरलांगच्या सूत्रात हे आकडे घातले तर १० लाइन असताना १००० पैकी साधारण २१५ कॉल नाकारले जातात. १५ लाइन केल्या तर ३७ नाकारले जातात. १८ केल्या तर सातेक.

हा आकडा कधीच शून्य होत नाही. लाइन कितीही वाढवा, कुणाला तरी नकार मिळणारच. किती जणांना मिळेल, हे मात्र आधीच कळतं, आणि तेवढं चालेल का हे कुणीतरी ठरवलेलं असतं. एरलांगनंतर नेटवर्क बिझी असणं हा नशिबाचा भाग राहिला नाही, तो हिशेबाने घेतलेला निर्णय झाला. त्याच लेखात दुसरं सूत्रही होतं: नकार न देता रांगेत उभं केलं, तर किती थांबावं लागेल? व्हिडिओ गोलगोल फिरत बसतो, ते याच प्रश्नाचं आजचं रूप.

लेख मूळ डॅनिशमध्ये होता. पुढे त्याची इतर भाषांत भाषांतरं झाली आणि ब्रिटिश पोस्ट खात्याने आपल्या टेलिफोन लाइन ठरवायला हे सूत्र स्वीकारलं.

माणूस कसा होता?

एरलांग यांनी लग्न केलं नाही. लेख अगदी थोडक्यात लिहायचे, कधी सिद्धताही गाळायचे, त्यामुळे वाचणाऱ्याची दमछाक व्हायची. घरात पुस्तकांचा मोठा संग्रह होता. गरजू लोक त्यांच्याकडे येत, आणि समोरच्याला ओशाळं वाटणार नाही अशा बेताने ते मदत करत. कंपनीत जवळजवळ २० वर्षं काढली आणि त्यात आजारपणाची एकही रजा नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ते दवाखान्यात दाखल झाले आणि ३ फेब्रुवारीला गेले. वय ५१.

१९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने टेलिफोनच्या भाराच्या एककाला त्यांचं नाव दिलं. १९८० च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीतल्या इंजिनिअरांनी टेलिफोन एक्सचेंजसाठी नवी भाषा तयार केली, तिलाही तेच नाव ठेवलं.

टॉवरांची आपसातली वाटणी

एरलांग गेले तेव्हा मोबाइल नव्हता. परिसराचे छोटे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा टॉवर द्यायचा, ही कल्पना १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये मांडली गेली. तांब्याच्या लाइनच्या जागी रेडिओचे चॅनेल आले, हिशेब तोच राहिला. आता त्र्यंबकला परत या.

समजा दोन टॉवर आहेत, एक कुशावर्ताजवळ आणि एक बस स्टँडकडे. दोघांना १०-१० चॅनेल. सोमवारी सकाळी कुशावर्तावर ८ एरलांग भार आहे आणि स्टँडकडे फक्त २. सूत्र सांगतं की दोन्हीकडचे मिळून १००० कॉल आले तर साधारण ९७ नाकारले जातील, आणि ते जवळजवळ सगळे कुशावर्तावरचे. आता तेच २० चॅनेल दोघांनी मिळून वापरले तर? १००० पैकी फक्त २! एकही चॅनेल वाढवला नाही, फक्त वाटणी बदलली.

मग मिळून का वापरत नाहीत? अडचण अशी, की शेजारच्या दोन टॉवरांनी एकाच वेळी एकच चॅनेल वापरला तर दोन्ही संभाषणांचा चुथडा होतो. सिंहस्थात एका वेळी एकच आखाडा कुशावर्तात उतरतो, तशी इथेही पाळी लागते. आखाड्यांचा क्रम आधी ठरलेला असतो. टॉवरांना तो दर सेकंदाला नव्याने ठरवावा लागतो. सगळ्यांचा निर्णय एकाच मुख्य कॉम्प्युटरकडे दिला, तर विचारण्यात वेळ जातो, आणि तो बंद पडला की सगळंच ठप्प.

म्हणून वितरित अल्गोरिदम, म्हणजे मुकादम न नेमता सगळ्यांनी आपसात ठरवण्याची रीत. टॉवरला जास्तीचा चॅनेल हवा असेल तर तो फक्त शेजाऱ्यांना विचारतो आणि मागणीवर वेळेचा शिक्का मारतो. ज्याला तो चॅनेल नको आहे, तो लगेच हो म्हणतो. जो वापरतोय, तो काम संपेपर्यंत उत्तर थांबवतो. दोघांनी एकदम मागितला तर ज्याचा शिक्का आधीचा, त्याचा हक्क आधी. सगळ्या शेजाऱ्यांचा होकार आला की चॅनेल त्याचा. असा नियम कॉम्प्युटरांसाठी रिकार्ट आणि अग्रवाला यांनी १९८१ मध्ये मांडला, आणि पुढे याच धर्तीवर मोबाइल चॅनेलच्या वाटणीच्या पद्धती सुचवल्या गेल्या.

फोरजीत बहुतेक टॉवर एकच फ्रिक्वेन्सी वापरतात. त्यामुळे शेजारी टॉवर आपल्या कोणत्या भागावर ताण आहे, हे एकमेकांना थेट कळवतात आणि हद्दीवरच्या फोनना सांभाळून घेतात. तुमचा फोनही यात सामील असतो. टॉवरला हाक मारताना तो जास्तीत जास्त ६४ खुणांपैकी एक निवडतो. दोन फोननी एकच खूण निवडली तर हाक वाया जाऊ शकते. मग थोडं थांबून पुन्हा प्रयत्न.

पुन्हा कुशावर्त

आता माझी चूक सांगतो. एरलांगच्या सूत्रात एक गृहीत आहे: नकार मिळालेला माणूस निघून जातो. मी निघून गेलो नव्हतो. मी तीस वेळा रीडायल केलं, माझ्या आजूबाजूच्या हजारो लोकांनीही तेच केलं. फुल रेंज म्हणजे टॉवरचा आवाज माझ्यापर्यंत येत होता, एवढंच. त्याच्याकडे माझ्यासाठी जागा आहे, असा त्याचा अर्थ नव्हता. आणि ती जागा भरणाऱ्यांत मीही होतोच.

२०२६-२७ चा सिंहस्थ आता आलाच. तात्पुरते टॉवर येतील, चॅनेल वाढतील, तरी काही कॉल नाकारले जाणारच. म्हणून गर्दीत कॉल लागला नाही तर एसएमएस किंवा व्हॉट्सअॅप मेसेज टाका आणि थांबा. मेसेज रांगेत थांबून जागा मिळाली की जातो. आणि घरातून निघतानाच चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते ठरवून घ्या.

आजी? तिने एकदा फोन लावून बघितला होता. लागला नाही, म्हणून तो पिशवीत ठेवला आणि आम्ही वेगळे झालो तिथल्याच पायरीवर शांत बसून राहिली. मी सगळं त्र्यंबक पालथं घालून शेवटी तिथे पोचलो, तेव्हा ती शेजारच्या बाईला आमच्या शेतातल्या भाताबद्दल सांगत होती.