नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी

वाघोलीच्या माळावर सायंकाळी मुले फुटबॉल खेळताना दिसली, की हा खेळ हिंदी विद्यार्थ्यांत रुजविणाऱ्या पुरुषाचे आम्हांस स्मरण होते.

नगेंद्रप्रसादांचा जन्म १८६९ साली झाला. कलकत्त्याच्या मैदानावर गोरे शिपाई खेळत असता चेंडू जवळ आला व त्या बालकाने तो पायानेच परत धाडला, असे सांगतात. पुढे हेअर स्कूलमधील सोबत्यांची वर्गणी जमवून त्यांनी चेंडू विकत घेतला. तो रग्बीचा निघाला. तथापि उत्साह ढळला नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजातील स्टॅक ह्या प्राध्यापकांनी त्यांस खरा खेळ शिकविला, व मुलांचा संघ उभा राहिला.

पुढे त्यांच्या वेलिंग्टन क्लबात मणी दास नावाच्या कुंभाराच्या मुलास घेण्यास कित्येक सभासदांनी हरकत घेतली. नगेंद्रप्रसादांनी तो क्लबच मोडून टाकला, १८८७ साली शोभाबाजार क्लब स्थापिला व मणी दासास त्यात मानाने घेतले. ह्याच क्लबाने १८९२ साली ट्रेड्स कपाच्या सामन्यात ईस्ट सरे पलटणीचा पराभव केला. १९४० साली ते निवर्तले.

आज मोठमोठे धंदेवाईक संघ कुमारसंघांतून आपले खेळाडू घडवितात. परंतु गडी निवडताना खेळ पाहावा, जात पाहू नये, हा धडा नगेंद्रप्रसादांनी तेव्हाच घालून दिला. तो आम्ही कधीही विसरू नये.