आधी झाडू, मग कीर्तन : संत गाडगेबाबा



आपल्या मादन हिप्परग्यात सेवेसाठी घरोघरी जायचं तर मराठी लागते, कन्नड लागते, कुठे दख्खनीही. बोलणं तसं जमून जातं. पण समोरच्यानं आपल्यावर विश्वास का ठेवावा? हा प्रश्न आला की मला गाडगेबाबा आठवतात. म्हणून यावेळी त्यांचं चरित्र थोडक्यात देते. मुलांनाही वाचून दाखवा.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेणगाव. जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. तिथे डेबूनं गुरं राखली, शेती केली. शाळा मिळालीच नाही. मामांना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे सावकाराच्या हिशोबात शेतं गेली, ते डेबूनं डोळ्यांनी पाहिलं. कर्ज, दारू आणि अडाणीपणा या तीन गोष्टींवर बाबा जन्मभर बोलत राहिले. त्या त्यांनी पुस्तकात वाचल्या नव्हत्या, घरातच सोसल्या होत्या.

लग्नानंतर मुलगी झाली. तेव्हा बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायची रीत होती. डेबूजींनी गोड जेवण घातलं. भाऊबंद रुसले, पण ते हटले नाहीत. लोकांना सांगायच्या आधी घरात करून दाखवलं, हे मला फार मोठं वाटतं.

1905 मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात झाडू आणि सोबत मातीचं गाडगं. तेच जेवायचं भांडं, आणि त्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात आले की कुणाला काही न सांगता रस्ते झाडायला सुरुवात करायचे. दिवसभर लोकांना वाटायचं, कुणी वेडा आहे. संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहायचा, तेव्हा गाव थक्क व्हायचं! सकाळी स्वतःच्या गल्लीतली घाण त्यानं काढलेली असायची. आता त्याचं न ऐकून कसं चालेल?

कीर्तनही वेगळंच. वऱ्हाडी बोलीत, अगदी घरच्यासारखं. बाबा उपदेश कमी करत, प्रश्न जास्त विचारत. देवाला बकरं कापून कोण खातं? कर्ज काढून सण केला तर फेडायचं कुणी? पोराला शाळेत का नाही घातलं? हजारो माणसं एका आवाजात उत्तर देत. उत्तर आपल्याच तोंडून आलेलं, मग ते नाकारायचं कसं? मधूनमधून नामाचा गजर व्हायचा. कीर्तन संपलं की लोक पाया पडायला येण्याआधीच बाबा निघून जात. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, असं ते सांगत.

पैशाच्या बाबतीत तर ते फारच काटेकोर. लोकांनी भरभरून दिलं. त्यातून ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा झाल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांची सोय झाली. पण बाबा स्वतः धर्मशाळेत राहत नसत, बाहेर झोपडीत किंवा झाडाखाली असत. घरची माणसंही साधेपणातच राहिली. लोकांच्या पैशातून घरच्यांसाठी काही केलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेकडे सोपवली. उभं केलेलं असं सहज देऊन टाकणं सोपं नाही.

या विश्वासाची किंमतही मोठी होती. मुलगा गोविंद गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली. बाबांनी कीर्तन पूर्ण केलं. आई म्हणून हे वाचताना माझा जीव कालवतो, आणि घरी एकट्या असलेल्या कुंताबाई डोळ्यांसमोर येतात. लोक बाबांचं नाव घेतात, त्यात या माउलीचा त्यागही मोजायला हवा.

8 नोव्हेंबर 1956 ला मुंबईत वांद्र्याला त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीजवळ प्रवासातच त्यांनी देह ठेवला. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे.

भावंडांनो, आपल्या सेवेसाठी यातून चार गोष्टी घेऊ या. दारात गेल्यावर आधी हाताला लागेल ते काम करू, मग बोलू. ज्या घरात जी भाषा, तीच बोलू. येत नसेल तर येणाऱ्या ताईंना सोबत नेऊ. सांगण्यापेक्षा विचारू, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेऊ. आणि वर्गणीचा प्रत्येक रुपया कुठे गेला, ते कुणी विचारायच्या आधीच ग्रुपवर लिहू.

येत्या रविवारी निघताना प्रत्येक घरातून एक झाडू आणावा, ही विनंती.

आपली एक सेवेकरी ताई